एका 'पाहिजे'चे चार वाटे

मस्ट म्हणजे पाहिजे, शुड म्हणजेही पाहिजे, कॅन म्हणजे शकतो. मोडल्सचा, म्हणजे इंग्रजीतल्या अशा साहाय्यक क्रियापदांचा, हा तक्ता बहुतेकांना शाळेपासून पाठ असतो, आणि बोलताना घोळ होतो तो त्याच्यामुळेच. म्हणून सराव इंग्रजी शब्दापासून नको, मराठी वाक्यापासून करा. आपल्याला काय म्हणायचंय ते मराठीत पक्कं माहीत असतं, फक्त त्याचे वाटे करायला शिकायचं.

'मला निघायला पाहिजे' हेच घ्या. शेवटची लोकल चुकेल म्हणून निघायचंय, म्हणजे सक्ती बाहेरची आहे: आय हॅव टू लीव्ह. नुसतं 'निघालेलं चांगलं' एवढंच वाटतंय: आय शुड लीव्ह. 'मघाशीच निघायला पाहिजे होतं' याचं आय शुड हॅव लेफ्ट होतं. 'निघावं लागलं' म्हणजे आय हॅड टू लीव्ह. इथे मस्टला भूतकाळात ओढून 'आय मस्ट हॅव लेफ्ट' केलंत, तर कर्तव्य जातं आणि तर्क उरतो: 'मी निघालो असणार'. स्वतःबद्दल असं बोलणारा माणूस जरा विसराळू वाटेल. आणि मस्टनंतर 'टू' नाही. 'मस्ट टू गो' ही चूक हॅव टूच्या सवयीने होते.

नकारात तर अर्थच उलटतो. गोळीबद्दल 'यू मस्टन्ट टेक इट' म्हणजे घेऊ नका. 'यू डोन्ट हॅव टू टेक इट' म्हणजे घेतली नाही तरी चालेल. मनातल्या मराठी वाक्याला 'तरी चालेल' जोडता आलं तर डोन्ट हॅव टू, नाही जोडता आलं तर मस्टन्ट. उच्चारात मस्टन्टमधला पहिला ट गिळला जातो, 'मसन्ट' असं ऐकू येतं. ऐकताना तो 'मस्ट'सारखा वाटला की सूचना बरोबर उलटी समजते.

'शकलो'चा एक खड्डा आहे. काल खूप धडपडून तिकीट मिळवता आलं, तर 'आय कुड गेट अ टिकिट' नाही. एकदाच जमलेल्या गोष्टीला वॉज एबल टू किंवा मॅनेज्ड टू. नाही जमलं, तर मात्र कुडन्ट बिनधास्त चालतं. 'कॅन एबल टू' ही खिचडी मात्र कधीच नको.

आता आवडनिवड. 'जाण्यापेक्षा घरी बसलेलं बरं' म्हणजे आयड रादर स्टे होम दॅन गो. रादरनंतर साधं क्रियापद, तुलनेला दॅन. प्रिफर घेतलंत की साचा बदलतो: आय प्रिफर टी टू कॉफी. तिथे दॅन लागत नाही. दोन्ही साचे एकाच दिवशी शिकू नका, दॅन आणि टू यांची अदलाबदल हमखास होते.

खरी गंमत पुढे आहे. 'तू आज न गेलेलं बरं' हे इंग्रजीत होतं: आयड रादर यू डिडन्ट गो टुडे. गोष्ट आजची, रूप भूतकाळाचं! मुलं इथे अडतात, पण 'गेलेलं' आपणही भूतकाळातलंच वापरतो. 'आता निघालेलं बरं, नाहीतर गाडी चुकेल' याला यूड बेटर लीव्ह नाऊ, अदरवाइज यूल मिस द ट्रेन. हे मित्राला ठीक आहे. साहेबांना 'यूड बेटर' म्हणाल तर ती तंबी वाटते.

हीच सवय जर-तरमध्ये मात्र दगा देते. 'पाऊस पडला तर येणार नाही' यात आपला 'पडला' भूतकाळी दिसतो, पण शक्यता खरीखुरी असेल तर इंग्रजीत साधा वर्तमान: इफ इट रेन्स, आय वोन्ट कम. 'रेन्ड' नाही, 'विल रेन'ही नाही. 'पडला असता तर' आलं की मगच हॅड रेन्ड.

अनलेससाठी '-शिवाय'ची कसोटी लावा. 'ओटीपी टाकल्याशिवाय पैसे जाणार नाहीत': द मनी वोन्ट गो थ्रू अनलेस यू एंटर द ओटीपी. अनलेसच्या पोटात नकार आधीच आहे, 'अनलेस यू डोन्ट एंटर' म्हणजे दोनदा मीठ. पण 'तो आला नाही तर मला आनंदच होईल' इथे '-शिवाय' बसत नाही, म्हणून इफ ही डझन्ट कम.

छत्रीचं उदाहरण इन केससाठी जुनं आहे, तरी त्याला तोड नाही. टेक ॲन अंब्रेला इन केस इट रेन्स: पाऊस येवो न येवो, छत्री आत्ताच घ्या, असावी जवळ. तिथे इफ टाकलंत तर पाऊस पडेपर्यंत छत्री खुंटीलाच. 'बाइक ने, पण सहाच्या आत आण' यातल्या 'पण'ला ॲज लाँग ॲज: यू कॅन टेक माय बाइक ॲज लाँग ॲज यू ब्रिंग इट बॅक बाय सिक्स. प्रोव्हायडेड हा त्याचा कागदोपत्री भाऊ, करारात शोभतो. दोन्हींनंतर विल नाही.

सरावासाठी दिवसभरात आपण खरंच बोललेली 5 मराठी वाक्यं लिहा, ज्यात पाहिजे, बरं, शिवाय किंवा तर आहे. प्रत्येकाचं इंग्रजी मोठ्याने म्हणा, मग परिस्थिती एकाच गोष्टीने बदला: सक्तीऐवजी सल्ला, आजऐवजी काल. फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी कागद न बघता, फक्त ऐकून, वाक्याचं मराठी परत लिहा. कालचं 'तरी चालेल' आज 'नको' झालेलं दिसलं, तर ते वाक्य आणखी 3 दिवस वहीत ठेवा.