१४४० बाय ९००
आज अख्खी दुपार एका जुन्या मॉनिटरपायी गेली. डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं, डेस्कटॉप आला, पण मॉनिटर १४४० बाय ९०० ठिपक्यांचा आणि सगळं १०२४ बाय ७६८ मध्ये ताणलेलं. फोल्डरची चित्रं बसकी, अक्षरं धूसर. मॉनिटर आपली सगळी कुंडली (किती ठिपके झेपतात वगैरे) केबलमधूनच कळवतो, तिला ईडीआयडी म्हणतात. मधला व्हीजीए अडॅप्टर नेमकी तीच गिळून बसला होता. मग एक्स सर्व्हर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्राम, बिचारा अंदाजपंचे चालणार, दुसरं काय!

'सीव्हीटी' कमांडला १४४० ९०० ६० (रुंदी, उंची, सेकंदाला किती वेळा चित्र) असं दिलं, तिने मोडलाइन, म्हणजे पडद्याच्या वेळेच्या हिशोबाची ओळ, काढून दिली: १०६.५० मेगाहर्ट्झ आणि पुढे आकड्यांची लांबलचक रांग. ती एक्सरँडआरला (रेझोल्यूशन बदलणारी कमांड) भरवली. स्क्रीन क्षणभर काळी झाली नि लख्ख उघडली. रीस्टार्टनंतरही टिकावं म्हणून तीच ओळ कॉन्फिग फाइलच्या मॉनिटर सेक्शनमध्ये टाकली.

एक्स ११, म्हणजे या एक्सची अकरावी आवृत्ती, १९८७ ची. त्याच्या जागी वेलँड ही नवी व्यवस्था आल्यापासून त्याला म्हाताऱ्यात काढणारे पुष्कळ आहेत (चुकीचंही नाही म्हणा), पण मला त्याचा लॉग (कामाची नोंद ठेवणारी फाइल) आवडतो. घोडं कुठे अडलंय ते कंसात दोन 'ई' (एररचे) लिहून सरळ सांगतो.

आणि हो, तसला अडॅप्टर कुणी फुकट दिला तरी घेऊ नका.