बारावा गडी आणि कुत्र्यांचा स्कोअरबोर्ड

कॉलेजात दोन वर्षं मी क्रिकेट टीममध्ये होतो असं मी सगळ्यांना सांगतो, आणि ते खोटं नाहीये, फक्त बारावा होतो एवढं सांगत नाही. आपल्याकडे बारावा गडी म्हणजे काय ते सांगायला नको. ड्रिंक्सला पाणी घेऊन पळायचं, कुणाचे ग्लोव्हज भिजले की कोरडे न्यायचे, कोचचा निरोप कॅप्टनला पोचवायचा आणि टीमच्या फोटोत कडेला उभं राहायचं. तर असा हा माणूस २०२४ च्या नोव्हेंबरात टेक्सासमध्ये जातो आणि बघतो काय, तर एक लाखाच्या स्टेडियमवर मैलभरावरून वाचता येईल अशा अक्षरात लिहिलंय, होम ऑफ द ट्वेल्थ मॅन. बाराव्या गड्याचं घर! मी गाडीतच म्हटलं, अरे हे तर आमचंच निघालं.

झालं असं की ताईचा मुलगा टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीत एमएस करतोय, मी कामासाठी ह्यूस्टनला होतो, थँक्सगिव्हिंगची सुट्टी लागली आणि ताईने फोनवर फर्मान काढलं की भाच्याला भेटल्याशिवाय परत यायचं नाही, सोबत भाजणीचं पीठ आणि लसणाची चटणी. ह्यूस्टनहून दोन तासाच्या आत पोचतो, सपाट रस्ता, मध्ये बकीज नावाचा एक पेट्रोल पंप लागतो ज्याच्या दुकानात आमच्या गावचा अख्खा आठवडी बाजार मावेल. गावाचं नाव कॉलेज स्टेशन. मला वाटलं काहीतरी शॉर्टफॉर्म असेल, पण नाही, कॉलेजसाठी रेल्वे थांबायची ते स्टेशन म्हणून कॉलेज स्टेशन, विषय संपला.

हे कॉलेज सुरू झालं १८७६ साली, शेतकी आणि यंत्रविद्या शिकवायला, म्हणून ए अँड एम, आणि इथल्या पोरांना म्हणतात अ‍ॅगी, म्हणजे शब्दशः शेतकीवाले. सुरुवातीपासून मिलिटरी शिस्त. १९६५ पर्यंत कॅडेट होणं सक्तीचं होतं, मुलींना प्रवेशच १९६३ ला मिळाला. आता सत्तर हजाराच्या वर विद्यार्थी आहेत, त्यात कॅडेट थोडेच, पण वळण अजून तेच. रस्त्यात अनोळखी पोरगं पण 'हाउडी' म्हणून जातं. मी पहिल्या दिवशी मेमोरियल स्टुडंट सेंटरच्या इमारतीत डोक्यावर टोपी ठेवूनच शिरलो तर गुडघ्यापर्यंत चकचकीत बूट घातलेला एक कॅडेट आला, अगदी अदबीने म्हणाला हाउडी सर, प्लीज टोपी काढाल का. ती इमारतच मुळी युद्धात गेलेल्या अ‍ॅगींचं स्मारक आहे. टोपी काढली, बाहेर आलो आणि शॉर्टकट म्हणून गवतावर पाय ठेवणार तेवढ्यात भाचा मागून ओरडला, "मामा, गवतावर नको! ते पण स्मारकच आहे!" देवळात चपला घालून शिरल्यासारखं झालं मला, तेही दोनदा.

स्टेडियमचं नाव काइल फील्ड, खेळ अमेरिकन फुटबॉल. क्षमता १,०२,७३३. त्याच्या उत्तरेला एक पुतळा आहे, ई. किंग गिल नावाच्या पोराचा, आणि सगळी गोष्ट तिथून सुरू होते. तारीख २ जानेवारी १९२२, ठिकाण डॅलस, समोर सेंटर कॉलेजची टीम, ज्यांनी काही महिन्यांपूर्वीच हार्वर्डला हरवलेलं म्हणजे तेव्हाचे बाप लोक. गिल फुटबॉल टीममध्ये होता पण सीझन संपल्यावर बास्केटबॉलकडे गेलेला, त्या दिवशी तो वर पत्रकारांच्यात बसून हा कोण तो कोण अशी खेळाडूंची ओळख पटवून द्यायचं काम करत होता. खाली अ‍ॅगी एकामागून एक जायबंदी व्हायला लागले. कोच डाना बायबल यांनी बघितलं की आता बाकावर कोणी उरणार नाही, वरून गिलला बोलावलं, त्याने स्टँडच्या खाली एका जखमी खेळाडूचे कपडे अंगावर चढवले आणि बाउंडरीला येऊन उभा राहिला. मॅच ए अँड एमने २२-१४ अशी जिंकली. गिल मैदानात उतरलाच नाही.

बास, एवढंच. मी दोनदा विचारलं, मग शेवटी त्याने काय केलं? "उभा राहिला मामा. त्यावरच सगळं आहे." म्हणजे आपल्याकडे पुतळा व्हायला निदान घोड्यावर बसावं लागतं, इथे नुसतं तयार होऊन उभं राहिल्याबद्दल पुतळा! आणि म्हणून आजही विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये कोणी मॅचभर बसत नाही. तीन साडेतीन तास सगळे उभे. अर्थ असा की कोचने हाक मारली तर आम्ही आहोत. १९८३ ला जॅकी शेरिल नावाच्या कोचने हे भलतंच मनावर घेतलं, साध्या विद्यार्थ्यांमधून चाचणी घेऊन दहा जण निवडले आणि किकऑफला, म्हणजे बॉल लाथेने उडवून खेळ सुरू करतात तेव्हा, तेच उतरवले. आता स्कॉलरशिप नसलेल्या एका खेळाडूला १२ नंबरची जर्सी देतात. 'ट्वेल्थ मॅन' हा शब्दसुद्धा युनिव्हर्सिटीने १९९० ला ट्रेडमार्क करून घेतलाय, सिएटलच्या सीहॉक्स या फुटबॉल टीमला तो वापरायला यांच्याशी पैशाचा करार करावा लागला. दोन वर्षं मी फुकट वापरला, कोणाला सांगू नका.

मी गेलो तो वीकेंड साधा नव्हता. शनिवारी, ३० नोव्हेंबरला, ऑस्टिन शहरातल्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासशी मॅच होती. ऑस्टिनवाले आणि हे १८९४ पासून भांडतायत, पहिल्याच मॅचमध्ये यांनी ३८-० मार खाल्लेला. २०११ नंतर ए अँड एम दुसऱ्या लीगमध्ये गेलं आणि मॅच बंद पडली, टेक्सासच्या विधिमंडळात ही मॅच खेळायलाच पाहिजे म्हणून विधेयकं येऊन गेली तरी काही झालं नाही, आणि आता ऑस्टिनवालेच त्या लीगमध्ये आल्यावर तेरा वर्षांनी परत. या भांडणातला माझा आवडता किस्सा बेव्होचा. बेव्हो म्हणजे ऑस्टिनचा लांब शिंगांचा बैल, त्यांचा मॅस्कॉट. १९१५ ला अ‍ॅगींनी १३-० ने मॅच जिंकली आणि १९१७ ला काही पोरांनी जाऊन त्या बैलाच्या अंगावर तापल्या लोखंडाने तो स्कोअरच डागला. पुढे बैल सांभाळायचा खर्च परवडेना म्हणून १९२० ला ऑस्टिनवाल्यांनी त्याची मेजवानी केली, अ‍ॅगींनाही जेवायला बोलावलं आणि १३-० डागलेला कातड्याचा तुकडा त्यांना भेट दिला. आमचा स्कोअर तुम्हीच ठेवा!

शुक्रवारी सकाळी भाचा म्हणाला, आधी एका ठिकाणी जाऊ. कॅम्पसच्या मोकळ्या मैदानात दगडांचं एक मोठं रिंगण आहे. या मॅचच्या आधी अ‍ॅगी दरवर्षी होळी पेटवायचे, १९०९ ला भंगार लाकडं गोळा करून सुरू झालेलं, पुढे पोरं स्वतः जंगलात जाऊन कुऱ्हाडीने झाडं तोडून आणायची आणि हजारो ओंडके उभे रचून थरावर थर चढवायची, १९६९ ला तर शंभर फुटांच्या वर गेलेली. १८ नोव्हेंबर १९९९ ला पहाटे २:४२ ला ती रचता रचता कोसळली, पोरं तेव्हा वरच होती. बारा गेले, सत्तावीस जखमी. रिंगणात बारा दरवाजे आहेत, प्रत्येक दरवाजा त्या त्या मुलाच्या किंवा मुलीच्या गावाच्या दिशेला तोंड करून. मधले सत्तावीस दगड जखमींचे. मी एका दरवाज्यात उभा राहिलो तर समोर नुसतं गवत आणि लांबवर रस्ता, गाव काही दिसत नाही, दिशा फक्त. भाचा त्याच वयाचा, शेजारी गप्प उभा. त्या वर्षीची मॅच आठ दिवसांनी झाली, ऑस्टिनच्या बँडने टोप्या काढून शोकधून वाजवली, अ‍ॅगी २०-१६ जिंकले. कॅम्पसवर होळी परत झाली नाही. आम्ही गाडीत बसल्यावर त्याने ताईला उगाचच फोन लावला, तिथे रात्रीचे अकरा वाजून गेले होते तरी.

रात्री मिडनाइट येल. येल म्हणजे घोषणा, आणि मॅचच्या आदल्या रात्री बारा वाजता स्टेडियममध्ये त्यांची चक्क प्रॅक्टिस, फुकट, कोणीही या. इथे चीअरलीडर नाहीत. पांढऱ्या कपड्यातले पाच येल लीडर हाताने खुणा करतात, त्या खुणा स्टँडभर मागे मागे पोचवल्या जातात, मग हजारो माणसं एकदम गुडघ्यावर हात टेकून वाकतात आणि जे ओरडतात ते छातीच्या फासळ्यांत ऐकू येतं. मला अर्ध्या घोषणा कळल्या नाहीत तरी घसा बसला. शेवटी लाइट बंद होतात. का, तर सोबत असेल तिचं किंवा त्याचं चुंबन घ्यायला. आणि ज्यांचं कोणी नाही त्यांनी लायटर पेटवायचा, म्हणजे दुसऱ्या एकट्या जिवाला दिसेल! मी बारा-चौदा वर्षाच्या पोरासारखा समोर बघत राहिलो, शेजारी भाच्याने खिशातून लायटर काढला. म्हटलं हा कुठून आला रे तुझ्याकडे? "मामा, फक्त यासाठी." बरं. ताईला सांगितलं नाहीये, हे वाचत असशील तर ताई, फक्त यासाठी.

आता मॅच. भाच्याकडे विद्यार्थ्यांचा पास होता, माझ्याकडे काही नाही, आणि तिकिटाचा भाव बघून मी लॅपटॉप मिटला. म्हटलं बाहेर फिरेन. बाहेर म्हणजे तंबू, शेगड्या, टीव्ही, ब्रिस्किटचा धूर, आपल्या जत्रेसारखं सगळं. फिरत फिरत उत्तर बाजूला आलो तर तिथे थडगी. रेव्हलीची. १९३१ ला काही कॅडेट गाडीने परत येत असताना एक काळं-पांढरं गावठी कुत्रं गाडीखाली आलं, त्यांनी ते लपवून खोलीवर आणलं, पहाटे बिगुल वाजल्यावर ते भुंकलं म्हणून पहाटेच्या बिगुलाचंच नाव तिला पडलं, रेव्हली. तेव्हापासून परंपरा, आता कोली जातीची असते आणि कॅडेटांत तिचा हुद्दा सगळ्यात वरचा. खांद्यावर पाच हिरे. तिच्याशी बोलायचं तर 'मिस रेव्ह, मॅम'. ती कॅडेटच्या पलंगावर झोपली तर त्याने खाली झोपायचं, आणि वर्गात भुंकली तर वर्ग सुटला. गेलेल्या सगळ्या रेव्हली इथे पुरल्यात, स्कोअरबोर्डकडे तोंड करून, म्हणजे अ‍ॅगी काय करतायत ते त्यांना दिसावं. पुढे स्टेडियम वाढलं आणि बोर्ड दिसेनासा झाला तर यांनी काय करावं? कुत्र्यांसाठी बाहेर वेगळा छोटा स्कोअरबोर्ड लावला.

मी मॅच त्याच्यावर बघितली. मी आणि त्या. हाफटाइमला ऑस्टिन १७-०. प्रत्येक वेळी आधी भिंतीपलीकडून लाखभर घशांचा आवाज यायचा आणि मग आकडा, किंवा आवाजच यायचा नाही आणि आकडा बदलायचा, ते जास्त वाईट. तिसऱ्या क्वार्टरला जो आवाज आला तो मी जन्मात ऐकला नव्हता, पायाखालचं काँक्रीट हललं असं वाटलं, अ‍ॅगींनी समोरच्याचा पास मध्येच पकडून ९३ यार्ड पळत नेला होता. १७-७. वाटलं आता होतंय. बोर्डवरचा ७ मग हललाच नाही.

वेळ संपली तरी बराच वेळ आतून कोणी बाहेर येईना. मग परत त्या घोषणा सुरू झाल्या. हरले की लगेच जायचं नाही, थांबून पुढच्या मॅचची येल प्रॅक्टिस करायची अशी इथली रीत.

भाचा अर्ध्या तासाने आला, मरून टी-शर्ट घामाने काळा झालेला, साडेतीन तास उभा राहून पायात गोळे, आवाज पूर्ण गेलेला. काहीतरी पुटपुटला, मला कान जवळ न्यावा लागला. "हरलो नाही मामा, वेळ कमी पडला." हे पण इथलंच ठरलेलं वाक्य आहे. मग घशाकडे बोट दाखवलं. पाण्याची बाटली मी संध्याकाळपासून हातात धरून होतो, झाकण उघडून दिली.