आतले टाके वाळले का?

"मॅडम, वरचे तर वाळले. आतले वाळले का वो?"

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझा दवाखाना आहे. तिथे हा प्रश्न आठवड्यातून दहा वेळा तरी कानावर येतो, बाजाराच्या दिवशी त्याहून जास्त. आता फोनवरही येतो. परवा तुम्हीही तेच विचारलंत, फक्त शहरी भाषेत: सीझरनंतर गर्भाशयाची जखम नक्की किती दिवसांत भरते? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट बसून लिहिते. दवाखान्यात मला या उत्तराला दोन मिनिटंही मिळत नाहीत, तेव्हा मी "दीड महिना" म्हणते आणि पुढचा पेशंट बोलावते. ते उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे.

टाक्यांपासूनच सुरुवात करते. बाळ आणि वार बाहेर आली की गर्भाच्या पिशवीवर साधारण दहा सेंटिमीटरची आडवी चीर उरते, अगदी खाली, लघवीच्या पिशवीच्या मागे. ती आम्ही अर्धगोल सुईने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग शिवत जातो. दोरा जांभळ्या रंगाचा असतो. रक्तात तो नीट दिसावा म्हणून. हा दोरा काढायचा नसतो. तीन-चार आठवड्यांत त्याची पकड सुटते आणि दोन-सव्वादोन महिन्यांत तो अंगातच विरघळून जातो.

हे एकदा सांगत होते तर सुनेसोबत आलेल्या एका आजींनी विचारलं, "दोराच विरघळला तर पिशवी वाकळीवानी उसवत न्हाई का?" एमडीच्या तोंडी परीक्षेत याहून चांगला प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

वाकळ उसवते, कारण तिच्या चिंध्या एकमेकींना कधी चिकटतच नाहीत. सगळा भार दोऱ्यावर. पिशवीचं तसं नाही. टाके फक्त दोन कडा एकमेकींजवळ धरून ठेवतात, काम आतलं मांस करतं. आधी रक्ताची गुठळी, मग मेलेलं काही असेल ते साफ करणाऱ्या पेशी, मग बारीक नव्या रक्तवाहिन्या, आणि त्यांच्या आधाराने विणलं जाणारं चिवट तंतूंचं जाळं. दोऱ्याची पकड सुटेपर्यंत हे जाळं भार घेण्याइतकं तयार झालेलं असतं.

आणि पिशवीची एक गंमत आहे, जी हातापायाच्या जखमेला नाही. बाळंतपण झाल्या झाल्या ती जवळजवळ एक किलोची असते, बेंबीपर्यंत आलेली. सहा आठवड्यांत ती शंभर ग्रॅमच्या आत येते, लहानशा पेरूएवढी. म्हणजे जखम भरते आहे तोवर जखमच आखडत जाते. दहा सेंटिमीटरची चीर दोन-तीन सेंटिमीटरवर येते. बाळाला अंगावर पाजताना ओटीपोटात कळा येतात ना, ज्यांना घाबरून पोरी पाजायचं टाळतात, त्या कळा म्हणजे पिशवी आखडत असल्याची खूण.

म्हणून दीड महिना. पण कसलीही जखम भरून आली म्हणजे पहिल्यासारखी झाली असं नसतं. कातडीची जखमसुद्धा तीन महिन्यांनी मूळच्या कातडीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच मजबूत होते, तिथेच थांबते. पिशवीबद्दल एकेकाळी तज्ज्ञांमध्ये वाद होता, चिरेच्या जागी नवा स्नायू उगवतो की नुसता व्रण राहतो. आज आपल्याला माहीत आहे की मुख्यतः व्रणच राहतो. एमआरआयमध्ये पाहिलं तर पिशवीचे थर पुन्हा पूर्वीसारखे वेगवेगळे दिसायला सहा महिने तरी लागतात.

जुन्या डॉक्टरांनाही आतल्या टाक्यांची धास्ती होती, आजींसारखीच. पूर्वी सीझर केल्यावर पिशवी शिवतच नसत. ती आपोआप आखडेल, आणि आत टाके घातले तर ते काढायचे कसे, असा विचार. बायका रक्तस्रावाने आणि जंतुसंसर्गाने मरत. १८७६ मध्ये इटलीत पोर्रो नावाच्या डॉक्टरांनी यावर उपाय काढला तो असा, की बाळ काढल्यावर पिशवीच कापून टाकायची. बाई वाचलीच, तर कायमची वांझ होऊन. सहा वर्षांनी, १८८२ मध्ये, जर्मनीतल्या लाइपझिगच्या मॅक्स सेंगर यांनी पिशवी थरांत व्यवस्थित शिवून दाखवली. आज मी जे दिवसाआड करते ते तिथून आलंय.

आता माझी गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय मला पथ्यावर बोलायचा हक्क नाही. माझ्यावर पहिलं सीझर झालं तेव्हा मला एमडी होऊन दोन वर्षं झाली होती. आई औशाकडच्या खेड्यातली. तिने माझी पदवी चपलांसोबत दाराबाहेर ठेवायला लावली. तूप बंद, तुपानं टाके पिकतात. भात बंद, भातानंही पिकतात. पाणी मोजून. बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा आणि बाळंतशेपा. हे सगळं लातूरच्या मे महिन्यात. मी भांडले, हरले. रात्री वडील ताटलीत वरणभात आणि वर तुपाची धार घेऊन चोरपावलांनी यायचे आणि मी अंधारात जेवायची. आठव्या दिवशी टाक्याच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी सुटलं. आईला तुपाचा पत्ता लागला. ती म्हणाली, बघ. मी म्हणाले, शेगडीच्या घामानं. हा वाद अजून मिटलेला नाही.

डॉक्टर म्हणून सांगायचं तर तुपाचं, भाताचं, वरणाचं टाक्यांशी वैर असल्याचा काही पुरावा नाही. टाके पिकतात ते जंतूंमुळे, आणि जंतूंना साथ देते वाढलेली साखर, अंगात कमी असलेलं रक्त, कळा देत घालवलेले फार तास. जाळं विणायला प्रथिनं लागतात. डाळ, अंडं, शेंगदाणे आणि दूध बंद करून आपण विणणाऱ्याचंच सूत पळवतो. डिंकाचे आणि हळिवाचे लाडू खुशाल खा.

तीन वर्षांनी दुसऱ्या वेळी कळा सुरू झाल्या, पण बाळ खाली सरकेना. पुन्हा सीझर. करणारी माझी मैत्रीणच. शुद्धीत होते, पडद्याच्या पलीकडून तिला विचारलं, "जुनी चीर कशी दिसतेय?" ती म्हणाली, "शोधावी लागतेय. बारीक पांढरी रेघ आहे, बस." जन्मात कुणी केलेली इतकी चांगली स्तुती मला आठवत नाही.

कारण दुसरी बाजू मी पाहिली होती. अंबाजोगाईला शिकत असतानाची गोष्ट. रात्री एक बाई कळा घेऊन आली, ऊसतोडीवरून परतलेली. पहिलं मूल सव्वा वर्षाचं, ते सीझरचं. कागद कुठलाच नाही, कारण कोपी, म्हणजे ऊसतोडीवरची पाचटाची झोपडी, बदलताना हरवला. पोट उघडलं आणि सरांनी आम्हाला जवळ बोलावलं. "हात लावू नका, नुसतं बघा." पिशवीचा खालचा भाग जिथे जाड, मांसल असायला हवा तिथे दुधावरच्या सायीइतका पापुद्रा उरला होता. त्यातून पाणमोटीतलं पाणी दिसत होतं, आणि त्या पाण्यात बाळाचे काळे केस हलत होते. आणखी काही कळा आल्या असत्या तर काय झालं असतं हे कुणी बोललं नाही. दोघंही वाचली. पण "आतले वाळले का" असं कुणी विचारलं की माझ्या डोळ्यांपुढे ते केस येतात.

वाळले होते तिचेही टाके. दीड महिन्यात वाळले असणार. घाई झाली होती ती दुसऱ्या गर्भाची. रोजच्या जगण्यात, उठण्याबसण्यात, स्वयंपाकात पिशवीच्या व्रणाची परीक्षा होतच नाही. ती होते पुढच्या खेपेला, पिशवी ताणली जाते तेव्हा आणि कळांमध्ये. म्हणून दोन बाळंतपणांत दीड वर्षापेक्षा कमी अंतर असेल आणि कळा देऊन बाळंतपण करायचं ठरवलं, तर व्रण फाटण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला तर बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधीच निदान दोन वर्षं जाऊ द्या असा आहे. अंतर नीट असेल आणि खालची आडवी चीर असेल, तर पुढच्या वेळी कळा दिल्या तरी व्रण फाटण्याचं प्रमाण शंभरात एकीच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. पण चीर वरच्या भागात उभी असेल तर शंभरात चार ते नऊ, आणि मग कळांची वाट बघायचीच नसते.

इथे एक गोष्ट फार जणींना माहीत नसते. पोटावरची रेघ आडवी असली म्हणजे पिशवीवरची चीरही आडवीच असेल असं नाही. आत कशी चीर घेतली हे फक्त सुट्टीच्या कागदावर लिहिलेलं असतं. म्हणून तो कागद आधार कार्डाच्या मोलाचा आहे. मी त्याला प्लास्टिक करून देते.

ज्या व्रणाकडे कुणी लक्ष देत नाही त्याचं आणखी एक रूप आहे. काहींच्या चिरेजागी आतून छोटा खळगा राहतो. पाळी संपली तरी त्यात साठलेलं रक्त चार-सहा दिवस काळपट थेंबांनी येत राहतं. सोनोग्राफीत तो दिसतो, आणि बहुतेकींना त्याचा त्रास नसतो. असला तरी गोळ्यांनी किंवा दुर्बिणीने इलाज होतो. पण आमच्या भागात अशा बाईला "पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल" असं सांगितलं गेलेलं मी किती वेळा ऐकलंय. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऐंशी हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या किती सीझरच्या खळग्यापायी होत्या, कुणी मोजलेलं नाही. माझ्या समोर मात्र अठ्ठाविशीतली एक अशी येऊन बसली होती, की जिचा जुना सोनोग्राफीचा कागद वाचून मला राग आवरेना. पोर्रोंकडे निदान दुसरा उपाय नव्हता.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येते. मघाशी लिहिलं तो मागच्या दसऱ्याच्या सुमाराचा आहे. सासू, तिची एकवीस वर्षांची सून आणि सुनेच्या मांडीवर सात आठवड्यांची पोरगी. मी तपासलं, वरची रेघ स्वच्छ, पिशवी जागेवर गेलेली. "वाळले, मावशी," म्हणाले. सासूने सुस्कारा टाकला, "मग जमतंय. मुकादमाची उचल घेतल्याय आम्ही."

उचल म्हणजे हंगामाची आगाऊ घेतलेली मजुरी. तेव्हा कळलं मला काय विचारलं जात होतं. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बायको नसली तर गडी अर्धा कोयता. आतले टाके वाळले का, याचा अर्थ कोयता पूर्ण होतो का. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, दिवसातून कितीतरी वेळा, पहाटेपासून. जड उचलू नये ते सहा ते आठ आठवडे, असं पुस्तकात आहे. पुस्तक लिहिणाऱ्याने मोळी उचललेली नसावी. मोळीने पिशवी फाटत नाही, हे मला ठाऊक आहे; पण पोटाचे वरचे थर, नऊवर आलेलं हिमोग्लोबिन आणि अंगावर पिणारं मूल हे सगळं तिच्यासोबत फळीवर चढणार होतं. मी कागदावर लिहिलं: सहा महिने मोळी बंद. असं कुठल्याच पुस्तकात नाही. तरी लिहिलं, खाली शिक्का मारला.

सासू बराच वेळ कागदाकडे बघत बसली. तिला वाचता येत नव्हतं. मग म्हणाली, "औंदा मी जाते त्याच्यासंगं फडात. ही कोपीवर राहील, लेकराजवळ." गोळ्या घ्यायला ती बाहेर गेली तशी सून पुढे सरकली. तिचा प्रश्न वेगळा होता. "मॅडम, पुढचं किती दिवसांनी चालंल? हिला भाऊ पाहिजे म्हणायलेत."

मी दोन बोटं दाखवली. "दोन महिने?" तिने विचारलं. "दोन वर्षं," मी म्हणाले, "ती झाल्यावर दिवस राहू दे." सीझरच्या वेळीच तांबी बसवून घेता आली असती, पण तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. तिने दिवस राहू नयेत म्हणून देतात ते 'अंतरा' इंजेक्शन घेतलं, तीन महिन्यांचं. पुढची तारीख जानेवारीतली येत होती, तेव्हा ती सांगलीकडच्या कुठल्यातरी फडावर असणार. मी कार्डाच्या मागे लिहिलं, जवळच्या सरकारी दवाखान्यात हे कार्ड दाखवणे. तिने ते कार्ड सीझरच्या कागदावर ठेवलं, दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत घातले, पिशवीला गाठ मारली आणि ती पोरीच्या दुपट्यात खोचली.