धर्मावर वाद घालायचाच, तर नीट घालू

घरात कुणाचं दिवसकार्य आलं की धर्मावरचा वाद हमखास निघतो. थोरल्याला दहाव्याला पिंड ठेवायचा असतो, धाकट्याचं म्हणणं तेवढे पैसे एखाद्या वसतिगृहाला द्यावेत, आणि दोन दिवसांत दोघं एकमेकांशी बोलेनासे होतात. अशा वेळी ‘धर्मावर बोलूच नये’ हा सल्ला सगळेच देतात. मला तो पटत नाही. न बोलल्याने कुणाचं मत बदलत नाही, नुसती अढी वाढते. शिवाय दहाव्याला काय करायचं हे दहाव्याच्या आत ठरवावंच लागतं.

वाद कसा घालावा याचं आपल्याकडे रीतसर शास्त्र आहे. गौतम ऋषीच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, ते आहे, आणि चरकसंहितेत विमानस्थान नावाच्या भागाच्या आठव्या अध्यायातही आहे. वैद्यकाच्या ग्रंथात हे कशाला, असं वाटेल. पण वैद्यांना आपसात चर्चा करावीच लागते आणि चर्चा चुकली तर भोगायचं रोग्याला. या दोन्ही ठिकाणी नम्रपणा हा स्वभावाचा गुण म्हणून येत नाही, नियम म्हणून येतो. नियम मोडला की माणूस हरला असं धरतात. तापट माणसालाही तो जमू शकतो तो याचमुळे.

न्यायसूत्रं बोलण्याचे तीन प्रकार मानतात. वादात दोघंही आपापला पक्ष मांडतात, प्रमाण (खरं कळण्याचं साधन) आणि तर्क वापरतात आणि खरं काय ते शोधतात. जल्पात जिंकायचं असतं, म्हणून शब्दांच्या कसरती चालतात. वितंडेत समोरच्याचं फक्त खोडायचं, स्वतःचा पक्ष मांडायचाच नाही. घरातला नास्तिक बऱ्याचदा वितंडेत अडकतो: ‘पितर जेवतात हे सिद्ध करा’ म्हणतो, पण गेलेल्या माणसासाठी घरच्यांनी एकत्र येऊन काय करावं याचं उत्तर त्याच्यापाशी नसतं. आस्तिकाचा ओढा जल्पाकडे. ‘एवढ्या पिढ्या काय मूर्ख होत्या?’ हा प्रश्न उत्तरासाठी विचारलेलाच नसतो.

चरक दोनच प्रकार करतो: जुळवून घेऊन केलेली संधायसंभाषा आणि भांडून केलेली विगृह्यसंभाषा. पहिली कुणाशी करावी याची यादी तो देतो. माणूस जाणकार आणि उत्तर देण्याची ताकद असलेला हवा. शिवाय न रागावणारा, मत्सर नसलेला, त्रास सोसणारा, गोड बोलणारा, दुसऱ्याची समजूत घालता येणारा आणि स्वतःची समजूत घालू देणारा. ही यादी आधी स्वतःला लावून पाहावी. शेवटच्या अटीवर बहुतेक जण अडकतात. तिची चाचणी सोपी आहे: काय कळलं तर माझं मत बदलेल, हे एका वाक्यात सांगता येतं का? येत नसेल तर आज फक्त ऐकायला बसावं.

आता प्रत्यक्ष बसल्यावर. पहिलं काम प्रश्न वेगळे करण्याचं. ‘श्राद्धाने पितर तृप्त होतात का’ हा एक प्रश्न आणि ‘येत्या दहाव्याला आपण काय करायचं’ हा दुसरा. पहिला शेकडो वर्षं सुटलेला नाही, तो मंगळवारपर्यंत सुटणार नाही. दुसरा अर्ध्या तासात सुटतो, फक्त त्यात पहिला मिसळायचा नाही. विधीला कोण बसणार, घाटावर कोण नुसतं येणार, खर्च कोण करणार, देणगी कुणाच्या नावाने द्यायची, एवढंच कागदावर घ्यावं. धाकट्याने पिंडाला हात लावला नाही, पण तो घाटावर आला, यात कुणाचाच सिद्धांत मोडत नाही.

पहिल्या प्रश्नावर बोलायचंच असेल, तर प्रत्येकाने आपली प्रतिज्ञा, म्हणजे काय सिद्ध करायचं ते, एका वाक्यात लिहावी. हे हास्यास्पद वाटतं, पण याने निम्मं भांडण टळतं. न्यायसूत्रांत हरण्याच्या २२ जागा दिल्या आहेत, त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. त्यांतल्या पहिल्या चार प्रतिज्ञेशीच निगडित आहेत: ती सोडणं, बदलणं, तिच्या विरुद्ध जाणारं कारण देणं, आणि ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हणून हात झटकणं. ‘जत्रेत बोकड कापू नये’ इथून सुरू झालेलं बोलणं दहा मिनिटांत ‘देवस्थानांचे पैसे कोण खातं’ इथे पोचतं आणि कुणाला कळतही नाही. कागद समोर असला की कळतं.

दुसरं, कुणाला कोणतं प्रमाण मान्य आहे ते आधीच विचारावं. नैयायिक, म्हणजे न्यायसूत्रं मानणारे, चार प्रमाणं मानतात: प्रत्यक्ष (इंद्रियांना जाणवलेलं), अनुमान (तर्काने काढलेलं), उपमान (साम्यावरून ओळखलेलं) आणि शब्द (विश्वासू माणसाचं किंवा ग्रंथाचं वचन). बौद्ध तार्किक दोनच मानतात, प्रत्यक्ष आणि अनुमान. चार्वाकांचा भर एकट्या प्रत्यक्षावर. त्यामुळे बौद्धापुढे वेदवचन टाकून काही साधत नाही, हे जुन्या पंडितांना पक्कं ठाऊक होतं. आपण मात्र गीता न मानणाऱ्याला गीतेतला श्लोक ऐकवतो, किंवा शब्दप्रमाण मानणाऱ्याला प्रयोगशाळेचा दाखला देतो, आणि त्याला पटलं नाही की त्याला हट्टी ठरवतो. दोघांनाही मान्य असलेलं प्रमाण तेवढं वापरायचं. ते फारच थोडं निघालं, तर बोलणंही तेवढंच करायचं.

‘तुमच्याच ग्रंथात असं लिहिलंय’ हे त्याहून धोक्याचं. ग्रंथ अख्खा वाचलेला नसताना फिरत आलेली एक ओळ समोर धरली की समोरचा त्या ओळीला उत्तर देत नाही, आपल्या हेतूवर शंका घेतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. अशी ओळ सांगायची नसते, विचारायची असते: हे तुमच्याकडे कसं समजतात? शिकवतात का? पाळतात का?

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं, अनुवादाचं, म्हणजे समोरच्याचं म्हणणं परत सांगण्याचं. समोरच्याचं म्हणणं सभेला समजलं आहे, तीनदा सांगून झालं आहे, आणि तरी ते आपल्याला जसंच्या तसं परत सांगता आलं नाही, तर आपण हरलो. या निग्रहस्थानाचं नाव अननुभाषण. पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं मत, आधी मांडायचा आणि मग खोडायचा ही शास्त्रग्रंथांची सवय याच शिस्तीतली. घरात करायचं ते असं: ‘तुझं म्हणणं असं आहे ना, की...’ म्हणून दोन-तीन वाक्यांत सांगायचं आणि थांबायचं. तो ‘हो, असंच’ म्हणाला तरच पुढे. ‘नाही, तसं नाही’ म्हणाला तर पुन्हा. इथे चूक होते ती अशी, की परत सांगताना आपण त्याचं वाक्य जरा वेडगळ करून टाकतो. ‘म्हणजे तुला वाटतं देव लाच घेतो’ हा नवसावरच्या श्रद्धेचा अनुवाद नव्हे.

ही पायरी गाळल्याने गोड बोलूनही अपमान होतो. आपल्याकडचं सगळ्यांत ठळक उदाहरण बौद्धांशी बोलतानाचं. ‘अहो, बुद्ध आमच्या विष्णूचाच नववा अवतार, आपण एकच’ असं पुष्कळजण खरोखर प्रेमाने म्हणतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी पाचवी नेमकी हेच नाकारते, आणि सहावी श्राद्ध-पिंडदान नाकारते. तेव्हा ऐकणाऱ्याच्या दृष्टीने आपण त्याची प्रतिज्ञाच पुसायला निघालेलो असतो. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला ‘तुम्ही मूळचे आमचेच’ म्हणणं, मुसलमानाला ‘तुम्हीसुद्धा काबा पुजताच की’ म्हणणं, हे त्याच जातीचं. काब्याकडे तोंड करून नमाज पढतात, काब्याची पूजा करत नाहीत; हा फरक त्यांच्यासाठी बारीक नाही, धर्माचा कणा आहे. ‘सगळे धर्म सारखेच’ हे वाक्य ऐकायला नम्र, पण त्यात समोरच्याचा धर्म आपण त्याच्यापेक्षा जास्त ओळखतो असा दावा असतो. मतभेद आहे हे मान्य करणं जास्त सभ्य.

आता छळ. इथे याचा अर्थ त्रास देणं नव्हे, समोरच्याच्या शब्दांचा मुद्दाम विपर्यास करणं. न्यायसूत्रांत याचे तीन प्रकार आहेत. वाक्छळात शब्दाचा भलताच अर्थ घ्यायचा: ‘नवकंबल’ म्हणजे नवी घोंगडी असलेला, तर ‘याच्याकडे नऊ घोंगड्या कुठे आहेत?’ विचारायचं. सामान्यछळात एक साधं विधान ओढून सार्वत्रिक करायचं. ‘भक्तीने माणूस मऊ होतो’ असं कुणी म्हटलं की ‘मग अमका बुवा तुरुंगात का?’ तिसरा उपचारछळ, म्हणजे अलंकारिक बोलणं शब्दशः घेणं. ‘मंच ओरडताहेत’ म्हटलं तर मंचावरची माणसं ओरडताहेत हे ओघानेच आलं. ‘लाकूड कसं ओरडेल?’ हा छळ. वारीला निघालेली आजी ‘विठोबा वाट बघतोय’ म्हणते, तिला ‘दगड कसा वाट बघेल’ म्हणणारा नातू हेच करतो आणि स्वतःला तर्कनिष्ठ समजतो. तर्कशास्त्राच्या हिशेबात तो हरलेला आहे.

मतानुज्ञा नावाचं निग्रहस्थान तर रोज दिसतं. माझ्या पक्षातला दोष कुणी दाखवला, की ‘तुमच्यातही तेच आहे’ म्हणायचं. हलालवर बोललं की बळीच्या बोकडावर, बळीवर बोललं की कुर्बानीवर. शास्त्र म्हणतं, असं बोलणाऱ्याने स्वतःवरचा आरोप मान्य केला. यावर उपाय एकच. आधी ‘हो, आमच्यात हे आहे’ किंवा ‘नाही, हे चुकीचं आहे, कारण...’ एवढं पुरं करायचं. समोरच्याचा दोष काढायचाच असेल तर पुढच्या बैठकीत.

एका ठिकाणी मी शास्त्राशी सहमत नाही. काम निघाल्याचं निमित्त करून वाद अर्धवट सोडणं हे ‘विक्षेप’ नावाचं निग्रहस्थान आहे. सभेत ठीक. घरात मात्र आवाज चढल्यावर कुणी ‘दूध बघून येते’ म्हणून उठलं, तर तिला हरलेली धरू नये, तिचे आभार मानावेत. फक्त परत येऊन बोलणं कुठे थांबलं होतं ते सांगायचं.

कुणासमोर बोलतो याचा विचार चरकाने बारकाईने केला आहे. जाणती सभा आणि अडाणी सभा असे दोन भाग, आणि प्रत्येकीचे मित्र, तटस्थ आणि वैरी असे तीन प्रकार. वैरी सभेत बोलूच नये असं तो बजावतो. अडाणी सभेत प्रतिपक्ष्याला कसं नमवावं याच्या युक्त्याही तो देतो: कमी वाचलेल्यावर लांबलचक सूत्रपाठ फेकावा, कमी समजणाऱ्याला अवघड शब्दांनी गोंधळवावं. हे विगृह्यसंभाषेसाठी आहे, आणि वाचून वाईट वाटतं. पण उपयोग होतो. कुणी आपल्यावर धडाधड संस्कृत किंवा आकडे फेकायला लागला, की कोणता खेळ सुरू आहे ते ओळखता येतं. आपणही तेच करत असू तर तेही.

प्रेक्षक आले की वादाचा जल्प व्हायला वेळ लागत नाही. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचे जाहीर वाद झाले. जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने त्यांचा वृत्तांत इंग्रजीत छापला, आणि पुढे मराठीतही वृत्तांत निघाला. वाद शिस्तीत व्हावेत असे प्रयत्न तिथे होते, पण गर्दीसमोर कोण म्हणेल ‘तुमचं बरोबर’? म्हणून पंगतीत निघालेला धर्माचा विषय तिथेच संपवू नये. ‘यावर आपण दोघं बसून बोलू’ म्हणावं, आणि खरंच बसावं. दोघं किंवा तिघं, त्याहून जास्त नकोत.

एकनाथांच्या हिंदु-तुर्क संवादात याच्या पुढची पायरी आहे. त्यात हिंदू आणि तुर्क, म्हणजे मुसलमान, एकमेकांना जिव्हारी लागेल असं बोलतात. मूर्तीवर, सोवळ्यावर, पश्चिमेकडे तोंड करण्यावर. नाथांनी तुर्काच्या तोंडी पोकळ प्रश्न घातलेले नाहीत, चांगले बोचणारे घातले आहेत. शेवटी दोघं भेटतात, आलिंगन देतात. सभ्यपणा म्हणजे मिळमिळीत बोलणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते वाचावं.

अर्थात सगळ्याच गोष्टी वादात बसत नाहीत. न्यायसूत्रंच म्हणतात, की जल्प आणि वितंडा हे कोवळ्या अंकुराभोवती लावलेल्या काट्याच्या कुंपणासारखे. काही वेळा ते लागतात. कुणी भूत काढतो म्हणून बाईला मारहाण करत असेल, तर ‘तुमची बाजू समजून घेऊ’ म्हणायचं नसतं. त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. जातपंचायत एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकत असेल, तर २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे. तिथे पोलीस ठाणं गाठायचं. मत आणि मारहाण यांतला फरक मोडू दिला, की उरलेले सगळे नियम दुबळ्यावरच उलटतात.

बोलणं संपल्यावरही काही पथ्यं आहेत. चरक म्हणतो, हरण्याच्या भीतीने कचरू नये, हरवल्यावर आनंदाने उड्या मारू नयेत, आणि लोकांत बढाई मारू नये. यातलं शेवटचं सर्वांत जास्त मोडतं. ‘परवा काकांची कशी बोलती बंद केली’ हे काकांपर्यंत पोचतंच, आणि त्यांनी खासगीत मान्य केलेला मुद्दा ते जाहीरपणे मागे घेतात. एखाद्याने मत बदललं तर त्याची लगेच परीक्षाही घेऊ नये; ‘मग आता उपास सोड’ असं म्हटलं की तो उपास दुप्पट करतो. आणि आपण सांगितलेला श्लोक, तारीख किंवा कायद्याचं कलम नंतर चुकीचं निघालं, तर ज्यांच्यासमोर सांगितलं होतं त्या सगळ्यांसमोर दुरुस्त करायचं. एकट्याला हळूच फोन करून भागत नाही.