भिंतींना विचारून घ्या

राउटर घ्यायला दुकानात गेलं की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो, "किती अँटेनावाला देऊ?" खोल्या किती, भिंती कसल्या, प्लॅन कितीचा, यातलं काहीही न विचारता दोनवाला, चारवाला, सहावाला अशी खोकी समोर मांडली जातात. आपणही नकळत सहावाल्याकडे जरा जास्त आदराने बघायला लागतो. घरी नेऊन तो ठेवायचा कुठे, हा विचार पैसे दिल्यावर सुचतो.

अँटेना ज्या दिशेला वळवावी त्या दिशेला रेंज जाते, असा आपल्याकडे पक्का समज आहे. आमच्या इमारतीत एकांनी चारही अँटेना बेडरूमच्या दाराकडे रोखून ठेवल्या होत्या, जणू दार आता उघडतंच. प्रत्यक्षात दांडीच्या टोकातून फारसं काही निघत नाही. लहरी पसरतात त्या दांडीच्या बाजूंनी, चहूकडे. म्हणून फ्लॅटमध्ये अँटेना सरळ उभ्या असलेल्या बऱ्या, आणि रो-हाउसमध्ये वरच्या मजल्यालाही नेट पोचवायचं असेल तर एखादी आडवी करावी. ज्या खोलीवर नेम धरलाय, तिच्याच वाट्याला सगळ्यात कमी येतं. पण हे त्या गृहस्थांना सांगायचं कुणी? ते सोसायटीचे सेक्रेटरी आहेत.

खोक्यावरच्या आकड्यांचंही तसंच. 'एसी १२००' असं ठसठशीत छापलेलं असतं. यातलं 'एसी' म्हणजे वायफायची एक पिढी. असा राउटर दोन रेडिओ पट्ट्यांवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. हे बाराशे म्हणजे पहिल्या पट्ट्यावरचे ३०० आणि दुसऱ्यावरचे ८६७ मेगाबिट, सेकंदाला, यांची बेरीज, वर थोडी ताणून गोल केलेली. असल्या राउटरला जोडलेला फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ही बेरीज कुणालाच मिळत नाही. ऑफर लेटरमधली सीटीसी आणि महिनाअखेरीस खात्यात पडणारी रक्कम, यांच्यात असतं तेवढं अंतर इथेही धरून चालावं. त्यात हे सगळे आकडे मेगाबिटचे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल उतरणार ती सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइटने. 'शंभरचा प्लॅन आहे आणि बाराच दाखवतंय' अशी तक्रार करणाऱ्याला फसवलेलं नसतं, निदान या बाबतीत तरी.

खरी मेख खोक्याच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात असते. स्वस्तातल्या पुष्कळ राउटरांची मागची पोर्टं फक्त १०० मेगाबिटची असतात. समोर १२०० चा तोरा, आणि ज्या भोकातून नेट आत यायचं ते शंभराचं. २०० चा प्लॅन घेऊन असा राउटर जोडला की अर्धे पैसे दर महिन्याला वाऱ्यावर जातात. अँटेना मोजू नका, 'गिगाबिट', म्हणजे हजार मेगाबिट, हा शब्द शोधा, एवढं एक मी ओळखीच्या सगळ्यांना सांगत असतो.

पण हेही सगळं भिंतींपुढे दुय्यम. आमची इमारत नव्वदच्या दशकातली. बाहेरच्या भिंती नऊ इंची विटांच्या, मध्ये आरसीसीचे कॉलम, हॉल आणि मागची बेडरूम यांच्यामध्ये टाइल्स लावलेलं बाथरूम, आणि बेडरूमच्या भिंतीला टेकून आईच्या लग्नातलं लोखंडी कपाट, दाराला पूर्ण उंचीचा आरसा. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान खऱ्या, पण भिंतीपुढे लवकर दमतात. २.४ वाल्या सावकाश जातात पण दोन भिंती ओलांडतात. लोखंडाचा पत्रा आणि आरसा मात्र दोघींनाही सारखेच परतवून लावतात. कपाटाच्या अलीकडे मोबाइलवर तीन कांड्या, पलीकडे एक, हे प्रत्येकाने आपापल्या घरी फिरून बघावं असं आहे.

बरं, २.४ वर निवांतपणा असेल म्हणावं तर तिथे गर्दी. या पट्ट्यावर एकमेकांच्या पायात न येणारी चॅनलं, म्हणजे पट्ट्याच्या आतल्या वाटा, तीनच: १, ६ आणि ११. आणि मजल्यावर घरं आठ. संध्याकाळी फोनवर वायफायची यादी उघडली की अख्खी इमारत नावानिशी हजर होते. कुणाचं 'श्री स्वामी समर्थ', कुणाचं 'पासवर्ड मागू नये'. भरीला स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. भात गरम होताना शेजारच्या खोलीतला व्हिडिओ कॉल अडखळला तर सुनेला दोष देऊ नये. मग हा पट्टा सोडूनच द्यावा, तर तेही जमत नाही. पार्किंगचा कॅमेरा, वायफायवाला बल्ब असल्या बऱ्याचशा वस्तूंना अजून २.४ शिवाय काही कळत नाही.

भिंती लहरी अडवतात तशा परतवूनही लावतात. एकच निरोप चार भिंतींवरून आपटून मागेपुढे पोचतो आणि घोळ होतो. या घोळातून वाट काढणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतले जॉन ओ'सुलिव्हन आणि त्यांचे सहकारी होते. ओ'सुलिव्हन मूळचे रेडिओ खगोलशास्त्राकडचे. स्फोट होणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांचे संकेत शोधत होते, ते काही सापडले नाहीत. अंधूक, फाटलेला संकेत नीट करण्याचं गणित मात्र हाती राहिलं, ते खोलीतल्या प्रतिध्वनींच्या कामी आलं, आणि १९९६ मध्ये त्यांना अमेरिकी पेटंट मिळालं. कृष्णविवर शोधायला निघालेल्या माणसाचं गणित आमच्या बाथरूमच्या भिंतीशी झुंजतंय, हे मला दरवेळी भारी वाटतं.

राउटर कुठे बसणार हे मात्र ना आपण ठरवतो ना गणित. ते ठरवतो फायबरवाला. तो ड्रिल घेऊन येतो, खिडकीच्या चौकटीपाशी भोक पाडतो, "पॉइंट इथंच निघतो साहेब" म्हणतो, आणि घराचं पुढच्या दहा वर्षांचं भवितव्य हॉलच्या एका टोकाला टीव्हीमागे कायम होतं. पुढे आई त्यावर क्रोशाचा रुमाल घालते, धूळ बसू नये म्हणून. रुमालाने रेंज अडत नाही, पण डबा तापतो. त्यातून लाल दिवा लागला तर रुमालाखालून दिसतही नाही.

माझं स्पष्ट मत असं, की बहुतेक घरांना नवा राउटर लागतच नाही. लागते ती दहा-पंधरा मीटर लॅन केबल आणि राउटर घराच्या मध्यावर आणून ठेवायची तयारी. फायबरचा डबा राहू दे खिडकीपाशी. तिथून केबल पॅसेजपर्यंत आणावी आणि राउटर तिथे, डोक्याच्या उंचीवर लावावा. दोन हजारांचा साधा वायफाय ६ (म्हणजे 'एसी'च्या पुढची पिढी) आणि गिगाबिट पोर्टवाला राउटर पॅसेजमध्ये जे काम करतो, ते टीव्हीमागच्या आठ हजारांच्या राउटरला जमत नाही. रेंज पुढे ढकलणारा स्वस्तातला रिपीटर तर घेऊच नये. ज्या रेडिओवर ऐकायचं त्याच रेडिओवर पुन्हा सांगायचं, त्यामुळे वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. कोकणातलं जांभ्या दगडाचं ऐसपैस घर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मेश, म्हणजे मिळून एकच वायफाय देणारे दोन-तीन डबे, घ्यावा, आणि शक्य तर त्याचेही डबे केबलनेच जोडावेत.

ही योजना घरात मांडली की विरोध होतो तो केबलला. "वायर दिसता कामा नये," हा आईचा निर्णय अंतिम असतो. मग स्कर्टिंगच्या कडेने पांढरी पट्टी, दाराच्या चौकटीवरून वळण, असं करत ती पॅसेजपर्यंत न्यावी लागते. लाइट गेल्यावर चालावा म्हणून १२ व्होल्टचा छोटा यूपीएस जोडावा लागतो, त्याचा दिवा निळा की हिरवा यावरही मतं येतात.

बाबांचा आक्षेप वेगळा आहे. रात्री दहाला ते झोपायला जाताना राउटरचं बटण बंद करतात. दहा वॉटचा डबा, चोवीस तास चालला तरी महिन्याला सात युनिट, हा हिशेब मी त्यांना कागदावर करून दाखवला आहे. राउटर बंद असला की पार्किंगचा कॅमेराही आंधळा होतो, हेही सांगितलं आहे. त्यांना दोन्ही पटतं. "सात युनिट म्हणजे सात युनिट," म्हणतात, आणि यूपीएसचंही बटण बंद करतात.