पीआरआय बंद असलेली रात्र

आमची कंपनी पुण्यातल्या सोसायट्यांच्या लिफ्टची देखभाल करते. तक्रार आली की रात्रपाळीच्या टेबलावरून त्या भागातल्या मेकॅनिकला फोन लावायचा, त्याने उचलला नाही तर पुढच्याला लावायचा आणि माणूस निघाला की सोसायटीला तसे कळवायचे, असा क्रम ठरलेला आहे. त्यामुळे येणाऱ्या फोनइतकेच जाणारे फोनही आम्हाला महत्त्वाचे असतात. दूरध्वनी कंपनीने एका शनिवारी रात्री ११ ते ३ या वेळेत पीआरआय लाइन, म्हणजे आमचे कार्यालय टेलिफोन एक्स्चेंजशी जोडणारी मुख्य लाइन, देखभालीसाठी बंद राहील असे कळवले, तेव्हा येणारे कॉल तिनेच आमच्या एका मोबाइलवर वळवून दिले आणि तो प्रश्न अर्ध्या तासात मिटला. जाणाऱ्या कॉलची वाट बदलण्यात मात्र माझे चार दिवस आणि एक अख्खी रात्र गेली.

कार्यालयात अ‍ॅस्टरिस्क या सॉफ्टवेअरवर चालणारी फोन यंत्रणा आणि ६४ एक्स्टेंशन आहेत. बाहेर जाण्याच्या वाटा तीन: एका वेळी ३० कॉल नेणारी पीआरआय, दुसऱ्या एका कंपनीकडून घेतलेली १० कॉलची सिप ट्रंक (इंटरनेटवरून कॉल नेणारी जोडणी) आणि चार सिमकार्डांचा जीएसएम गेटवे (मोबाइल नेटवर्कवरून कॉल नेणारे उपकरण). एरवी सगळे कॉल पीआरआयवरून जातात आणि ती नसेल तर सिपवरून जावेत असा नियम लिहिलेला होता. नियम लिहिलेला आहे म्हणजे काम झाले, असे समजून मी स्वस्थ बसलो असतो, पण सगळे नियम एकदा वाचून काढावेत असे मनात आले आणि ते वाचले हे बरे झाले.

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते. आमच्याकडे बाहेरची लाइन घेण्यासाठीही शून्यच दाबतात, त्यामुळे तेव्हापासून मोबाइलसाठी दोन शून्ये दाबावी लागू लागली. ज्या एक्स्टेंशनना एसटीडीचे लॉक होते, त्यांचे लॉक नेमके दोन शून्यांवर बसवलेले असल्याने त्यांचे मोबाइल कॉल त्या दिवशी बंद पडले असणार, आणि माझ्या आधी हे काम पाहणाऱ्या गृहस्थांनी घाईघाईने एक जादा ओळ घालून ते सुरू केले असणार. ती ओळ मला तशीच सापडली. तिच्यात वाटांचा क्रम नव्हता, थेट पीआरआयचे नाव होते. म्हणजे पीआरआय बंद झाली की त्या एक्स्टेंशनवरून एकाही मोबाइलला फोन लागला नसता. रात्रपाळीचे टेबल त्यांतच होते, आणि आमचे सगळे मेकॅनिक तर मोबाइलवरच.

ती ओळ काढून मी देखभालीसाठी एक वेगळा मार्ग लिहिला आणि तो यादीत सर्वांत वर ठेवून बंद करून ठेवला. सिप ट्रंकला क्रमांक आधीच्या शून्याशिवाय आणि ९१ लावून हवा असतो, तो फेरफार त्यात केला. ११२, १०१ आणि १०८ हे क्रमांक सरळ जीएसएम गेटवेवर टाकले, कारण असे तीन आकडी क्रमांक सिपवरून कुठे जाऊन पोहोचतील याचा मला भरवसा वाटेना. काम लांबले तर रविवारी सकाळी करार-नूतनीकरणाचे फोन करणारी मंडळी ९ वाजता येऊन सिपच्या दहाच्या दहा वाटा अडवतील, म्हणून रात्रपाळी सोडून बाकी सर्व गटांचे बाहेरचे कॉल त्या अवधीपुरते बंद करायचे ठरवले. मार्गाला वेळ बांधून देण्याची सोय यंत्रणेत आहे, पण दूरध्वनी कंपनीची वेळ घड्याळाप्रमाणे चालते यावर माझा विश्वास नसल्याने तो हातानेच चालू-बंद करणार होतो. ‘७७’ दाबून क्रमांक फिरवला की कॉल फक्त पीआरआयवरूनच जाईल, अशीही एक वाट माझ्या एक्स्टेंशनपुरती करून घेतली.

शुक्रवारी दुपारी पीआरआयची केबल उपटून पाहिली. ती ज्या कार्डाला जोडलेली असते, त्यावरचा दिवा लाल झाला आणि पुढचाच कॉल निमूटपणे सिपवरून गेला. तेव्हा मनात आले की एवढ्या वेळा पडताळल्यावर मार्ग हाताने बदलायची गरजच काय, लाइन गेली की यंत्रणा आपणहून वळेलच. शनिवारी रात्री मी तो मार्ग चालू केलाच नाही.

११ वाजता काहीच झाले नाही. ११:४० च्या सुमारास रात्रपाळीच्या ताईंनी हाक मारली, "सर, ‘या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत’ असंच ऐकू येतंय." मी कार्ड पाहिले तर दिवा हिरवा, आणि यंत्रणेला विचारले तर पीआरआय ‘अप, अ‍ॅक्टिव्ह’ असल्याचे उत्तर. काम चालले होते ते एक्स्चेंजच्या पलीकडे. आमच्यापासून एक्स्चेंजपर्यंतची लाइन ठणठणीत होती. एक्स्चेंजने कॉल नाकारून ३४ हा कारणांक पाठवला असता, म्हणजे मोकळी लाइन नाही असे कळवले असते, तर आमच्या यंत्रणेने पुढची वाट धरली असती. त्याऐवजी ते ध्वनिमुद्रित निवेदन ऐकवत होते आणि आमची यंत्रणा कॉल पुढे सरकतो आहे असे समजून थांबून राहत होती. केबल उपटणे आणि देखभाल होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा उमगले. देखभालीचा मार्ग चालू केला, पीआरआय यादीतून काढली आणि एका एक्स्टेंशनवर चालू असलेला कॉल संपेपर्यंत थांबून बाकी गटांचे बाहेरचे कॉल बंद केले.

पाऊण वाजता कोथरूडच्या एका सोसायटीतून फोन आला की दोन वृद्ध माणसे लिफ्टमध्ये अडकली आहेत. ताईंनी कर्वेनगरच्या मेकॅनिकला फोन लावला. तो लागला, वाजला, पण उचलला गेला नाही. दुसऱ्यांदाही नाही. ताई म्हणाल्या, "सर, तो कधी असं करत नाही." मग लक्षात आले की त्याच्या मोबाइलवर आमचा बोर्ड नंबर, म्हणजे पीआरआयवरून फोन केल्यावर दिसणारा कार्यालयाचा मुख्य क्रमांक, जपलेला आहे, त्यासाठी खास रिंगटोन आहे, आणि सिपवरून भलताच क्रमांक दिसतो आहे. रात्री पाऊण वाजता अनोळखी क्रमांक कोण उचलणार? सिपवरून बोर्ड नंबरच दाखवावा असा प्रयत्न मी जागच्या जागी करून पाहिला, तर त्या कंपनीने ४०३ असे उत्तर देऊन कॉलच नाकारला. तिने दिलेल्या क्रमांकाखेरीज दुसरा क्रमांक तिला चालत नव्हता. शेवटी ताईंनी स्वतःच्या मोबाइलवरून फोन केला, तो त्याने पहिल्याच रिंगला उचलला आणि पंचवीस मिनिटांत माणसे बाहेर आली. त्यानंतर सर्व मेकॅनिकना सिपचा क्रमांक जपून ठेवण्याचा संदेश पाठवला, जो मी शुक्रवारीच पाठवायला हवा होता.

३ वाजता काम संपले नाही. वेळ बांधून ठेवली असती तर ३ वाजता यंत्रणा पुन्हा त्या निवेदनाकडे वळली असती. सव्वापाचला ‘७७’ लावून स्वतःच्या मोबाइलला फोन केला तेव्हा बोर्ड नंबर दिसला आणि दोन्ही बाजूंचा आवाज ऐकू आला. आणखी दोन निराळ्या कंपन्यांच्या मोबाइलवर तीच खात्री करून पीआरआय परत आणली, देखभालीचा मार्ग बंद केला, गटांचे कॉल सुरू केले आणि घरी जाऊन झोपलो.

सोमवारी साडेदहाला हिशेब विभागाचा फोन आला की सकाळपासून बाहेर फोनच लागत नाही. पाच गटांपैकी चारच मी उघडले होते.