डी५२५ अपडेट: लॉगिन उमटत होतं, पण नसलेल्या पॅनेलवर

सापडलं! माझ्या इंटेल अ‍ॅटम डी५२५ च्या पीसीवर लिनक्स चालू होताना लॉगिनच्या जागी नुसता काळा पडदा यायचा. त्याचं मूळ सापडलं आणि ग्राफिक्स चिप ठणठणीत निघाली.

आधी किरकोळ निकाल. बूटला लागणारा जादा दीड मिनिट स्वॅपचा (रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेचा) होता. नव्या डिस्कवर स्वॅपचा यूयूआयडी (ओळखक्रमांक) बदलला, एफएसटॅबमध्ये (बूटला जोडायच्या डिस्कांच्या यादीत) जुनाच राहिला, आणि सगळ्या सेवा सुरू करणारं सिस्टमडी त्याची ९० सेकंद वाट पाहत बसायचं. तिथे आणि इनिटरामएफएसच्या (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या छोट्या फाइलसिस्टमच्या) रिझ्यूम फाइलीत नवा टाकला. विषय संपला.

आता पडदा. डेबियन १३, कर्नल ६.१२. ग्रब (बूटचा मेनू) नीट दिसायचा, मग कन्सोलची अक्षरं वरच्या डाव्या कोपऱ्यात कोंबलेली, आणि लाइटडीएमची (लॉगिनची चौकट दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची) वेळ आली की नुसता अंधार आणि माउसचा बाण. कर्नलच्या ओळीला नोमोडसेट लावलं की सगळं दिसायचं, पण १०२४×७६८ मध्ये ताणून. उठसूट हाच उपाय सुचवणाऱ्यांना सांगतो, ती पॅरासिटामॉल आहे. केएमएसच (कर्नलने स्वतः पडद्याचं माप लावणं) बंद करायचं तर आय९१५ (इंटेल ग्राफिक्सचा ड्रायव्हर) हवा कशाला?

बूटच्या ओळी लपवणारे क्वाएट आणि स्प्लॅश काढून जर्नल (सिस्टमची नोंदवही) वाचला. एकही लाल ओळ नाही. दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने आत गेलो तर लाइटडीएम मजेत चालू. वैतागून माउस फिरवत होतो, तेवढ्यात बाण डाव्या कडेला न थांबता सरळ पलीकडे गेला. म्हणजे तिकडे आणखी एक पडदा आहे अशी एक्सची (पडद्यावर खिडक्या आणि बाण काढणाऱ्या प्रोग्रॅमची) समजूत!

कर्नल जोडलेल्या पडद्यांची नोंद ठेवतो त्या सिस-क्लास-डीआरएमखालच्या स्टेटस फाइली वाचल्या. व्हीजीए-१ कनेक्टेड, बरोबर. एलव्हीडीएस-१ (लॅपटॉपसारखं पॅनेल जोडायची जागा) सुद्धा कनेक्टेड! बोर्डावर त्याचा कनेक्टर आहे, पण त्याला काहीही जोडलेलं नाही. बायोसमधला व्हीबीटी (ग्राफिक्सच्या जोडण्यांचा तक्ता) म्हणतो पॅनेल आहे, आय९१५ त्यावर विश्वास ठेवतो, आणि लॉगिनची चौकट त्या हवेतल्या पॅनेलवर जाते. कन्सोल दोन्हीकडे एकच चित्र पाठवतो, म्हणून मापही छोट्याचं. असं खोटं बोलणाऱ्या बोर्डांची एक यादी आय९१५ च्या कोडमध्येच आहे. माझा त्यात नाही, एवढंच.

ग्रबमध्ये ई दाबून कर्नलच्या ओळीला व्हिडिओ=एलव्हीडीएस-१:डी जोडलं (शेवटचा डी म्हणजे ती जोडणी बंद). कन्सोल १४४०×९०० भरून उमटला! त्या बूटच्या ओळी मी चवीने वाचल्या. मग ग्रबच्या डिफॉल्ट फाइलीत टाकून अपडेट-ग्रब. मधली आडवी रेघ विसरू नका. एक्सचा जुना इंटेल ड्रायव्हर हेच नाव रेघेशिवाय दाखवतो, कर्नलला मात्र ती लागतेच. एक्सरँडर या कमांडने ऑफ करूनही भागलं असतं, पण फक्त एक्समध्ये. कन्सोल कोपऱ्यातच राहिला असता.

लॅमिंग्टन रोडवरून ग्राफिक्स कार्ड आणायचा बेत रद्द. तसाही बोर्डावर साधा पीसीआय स्लॉट आहे, आणि त्यात बसणाऱ्या कार्डाला दुकानदार 'आता मिळत नाही' म्हणत भाव लावतात.

पुढचं काम एनएएस (घरच्या नेटवर्कवरचा फाइल साठा) लावायचं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिताच वाटलं, कनेक्टर आहे, बायोसही पॅनेल मागतोय, तर खरंच एक देऊ की! बंद पडलेल्या लॅपटॉपचं सीसीएफएलवालं (मागे एलईडीऐवजी बारीक ट्यूब असलेलं) पॅनेल कपाटात आहे. त्या ट्यूबला वीज देणारा इन्व्हर्टर चालतो का ते पाहायचं, व्होल्टेजचा जंपर ३.३ वर आहे ना ते मीटरने तपासायचं, आणि शेवटचा :डी काढायचा. एनएएस थांबेल. केबल ३० पिनांची लागेल. दुकानात सगळीकडे एलईडी पॅनेलच्या ४० पिनांच्याच दाखवतात. कुणाकडे पडून असेल तर कळवा, पिनआउटसकट.